अर्धा खडा

धाकट्या भावाने यंदाही स्वतःऐवजी मीठच पाठवलं. टेम्पोवाल्याने गोणपाटाची पिशवी दाराशी टेकवली आणि जिना उतरता उतरता म्हणाला, "बाई, खालून ओलं सुटलंय, जमिनीवर ठेवू नका." पिशवीच्या बुडाशी खरंच ओल होती. समुद्राचं मीठ ते. हवेत दमटपणा आला की पिऊन घेतं आणि मग आपलंच पाझरत बसतं, असं आई सांगायची.

थोरली नुकतीच कामावरून आली होती, चपलाही काढायच्या होत्या. तिने पिशवी उचलून ओट्याखालच्या फळीवर ढकलली. तेवढ्यात धाकट्याचा फोन आला.

"मीठ पोचलं?"

"पोचलं."

"आईला देत नाहीस ना? अजिबात देऊ नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय ना, मीठ म्हणजे तिला विष आहे."

ज्या घरात आईला मीठ बंद, त्या घरी पोतडीभर मीठ पाठवायचं आणि वर देऊ नकोस म्हणून बजावायचं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय सांगावं? थोरलीने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. भांडायला ताकद लागते, ती दिवसभरात संपलेली होती.

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत ती इस्त्रीवर होती. सकाळी वाफेत उभं राहायचं ते संध्याकाळपर्यंत. पाठीवर घाम वाळून पांढरा नकाशा उमटायचा आणि घरी येईस्तोवर पाय चपलेच्या पट्ट्यांतून वर आलेले असायचे. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. लोकांना वर-खाली करण्यात त्याचा जन्म गेला आणि स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही, तेव्हा दोघेही तिसऱ्या मजल्यावर येऊन आधी पाच मिनिटं नुसतेच बसत. म्हणजे तो बसे. थोरली ओट्याशी जाई.

आई आली तेव्हा वाटलं होतं, घरात एक माणूस असेल, जरा आधार होईल. आधार कसला, आईच आधाराला आली होती. हृदय थकलेलं, पायांत पाणी. आतल्या खोलीत खिडकीशी तिची खाट लावली. दुपारी समोरच्या घरातली चष्म्याच्या दुकानात काम करणारी शेजारीण येऊन तिला ताट वाढून जायची. सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. बाकी दिवसभर आई, खिडकी आणि खालच्या रस्त्यावरचे भोंगे.

आईची उमेदीची वर्षं मिठागरात गेली. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हाने आटवायचं आणि फळीने मीठ ओढून त्याच्या राशी घालायच्या. तिच्या तळव्यांवरच्या भेगा अजून बुजल्या नव्हत्या. दुकानातल्या बारीक मिठाला ती 'पावडर' म्हणायची, जणू तोंडाला फासायची वस्तू. तिचं मीठ म्हणजे जाड, किंचित राखाडी, तळाशी चिमूटभर रेती सोडणारं. आणि ते कधी घालायचं याचे तिचे कायदे होते. बटाटे उकडताना आधी घाल, म्हणजे आतपर्यंत जातं. कडधान्याला शेवटी घाल, नाहीतर दाणा आडमुठा राहतो. टोमॅटोवर ताटात वाढल्यावरच चुरड. माशाला चोळलंस की तो सांगेल तोवर थांब.

"मासा कसा सांगेल?" लहानपणी थोरलीने विचारलं होतं.

"पाणी सोडतो की."

हे सगळं थोरलीच्या हातात उतरलं होतं. चमच्याने मीठ घालणं तिला जमायचंच नाही. बोटांना खडे लागले की अंदाज यायचा.

आता त्याच हातांनी आळणी शिजवायचं होतं. तिने एक रीत बसवली. भाजी, मासा, जे काही असेल ते आधी बिनमिठाचं करायचं, त्यातून आईचा वाटा काढायचा, मग उरलेल्यात मीठ घालून पुन्हा एक उकळी आणायची. आईच्या वाट्यात लिंबू पिळायचं, मिरपूड घालायची, लसूण तांबूस परतून वर ओतायचा. एकाच स्वयंपाकाला दोन भांडी, दोन डाव, दोन झाकणं. घासायलाही तीच.

आई ते मुकाट्याने खायची आणि म्हणायची, "चांगलं झालंय."

याचंच थोरलीला वाईट वाटायचं. या बाईने जन्मात कुणाच्या पातेल्याला चांगलं म्हटलं नव्हतं. लग्नघरचं जेवण असो की राजाच्या घरचं, एक घास घेऊन ती सांगणार, मीठ आधी पडलंय, किंवा नंतर पडलंय. आणि आता समोर गवत वाढलं तरी चांगलं झालंय.

मग एका संध्याकाळी ताट ठेवून थोरली वळली, तशी आई हळूच म्हणाली, "थोरले, एक खडा दे गं."

"कसला?"

"मिठाचा. एकच. तोंडाला जरा चव येऊ दे. जावयांना सांगू नकोस."

"आई, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय?"

"माहीत आहे मला. जेवणात नको, नुसता चोखते."

थोरली स्वयंपाकघरात गेली. बरणीत हात घातला, एक खडा उचलला, परत टाकला. पुन्हा उचलला. शेवटी बत्त्याने त्याचे दोन तुकडे केले आणि अर्धा नेऊन आईच्या हातावर ठेवला. आईने तो पाहिला. मूठ मिटली.

"खा ना."

"तू समोर असलीस की लाज वाटते. लहान पोरासारखं. तू गेलीस की चोखते. तोवर बस जरा."

थोरली खाटेच्या कडेवर बसली. आई मिठागरातल्या मुकादमाची गोष्ट सांगू लागली. त्याला आपल्या टोपीचा कोण अभिमान. एकदा वाऱ्याने ती टोपी वाफ्यात जाऊन पडली आणि बायांनी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. सापडली तेव्हा तिच्यावर मिठाचे खडे धरले होते, डोक्यावर ठेवली की पातेल्यासारखी वाजायची. "तरी घालायचा," आई म्हणाली. "माणसाला टोपी सुटत नाही." थोरलीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. मग पातेली आठवली आणि ती उठली.

त्यानंतर हे रोजचंच झालं. थोरली अर्धा खडा आणायची, आई मूठ मिटायची, थोरली पाच-दहा मिनिटं टेकायची. आपण चुकतोय हे तिला कळत होतं. पण दिवसभर डॉक्टरीणबाईंचं ऐकायचं आणि संध्याकाळी एकदा आईचं, एवढी सूट तिने स्वतःला दिली होती.

आणखी एक गोष्ट होती. रोज सकाळी आईच्या उशीचा भिंतीकडचा कोपरा ओला असायचा. दुपारच्या उन्हात तो वाळला की कडेने पांढरी रेघ उमटायची. थोरलीचं पोट डागांवर चालत होतं. चहाचा डाग, तेलाचा, केसांच्या कलपाचा, ती लांबून ओळखायची. घामाचा डाग डोक्याखाली पडतो. हा कोपऱ्यात होता, भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांपाशी. म्हणजे आई रात्री रडत होती.

विचारायला हवं होतं. थोरलीने विचारलं नाही. खरं सांगायचं तर तिला उत्तराची भीती वाटली. उत्तर लांबलचक असेल, जुनं असेल, आणि ते ऐकून घ्यायला आपल्यात जोर नाही, असं तिला वाटलं. ती उशी पालटायची, कोरडी बाजू वर आणायची आणि कामावर जायची. लाँड्रीत परक्यांच्या उशांचे अभ्रे दाबताना मात्र तो कोपरा तिला दिवसभर दिसत राहायचा.

दवाखान्यात जायची वेळ आली तोवर आईचे पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत फुगले होते. डॉक्टरीणबाईंनी नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. त्या खळग्याकडे बघत त्यांनी विचारलं, "मीठ पूर्ण बंद आहे ना?"

चोराच्या मनात चांदणं. "हो," थोरली जरा जास्तच मोठ्याने म्हणाली.

"लोणचं, पापड, काही?"

"काही नाही."

आई खिडकीबाहेर बघत होती.

"मग इतकी सूज यायला नको होती. कुठूनतरी जातंय बहुतेक. गोळी वाढवून देते. सोमवारी परत आणा. उतरली नसेल तर भरती करावं लागेल, आणि या वयात एकदा आत गेलेलं माणूस..." डॉक्टरीणबाईंनी वाक्य तिथेच सोडलं आणि गोळीचं नाव लिहायला घेतलं.

परतीच्या रिक्षात थोरली आईच्या पायांकडे बघत होती. अर्ध्या खड्याने होतं का असं? मिठाचा खडा तो, होत असेल. ती मनातल्या मनात अर्धे खडे एकापुढे एक मांडत गेली आणि त्यांची केवढी मोठी रास झाली. आईला आपणच आपल्या हाताने भरवलं, हे तिच्या छातीवर बसलं. शेजारी आईचा डोळा लागला होता.

संध्याकाळी तिने बटाटे उकडायला ठेवले. सगळ्यांचेच बिनमिठाचे. नवरा स्वयंपाकघराच्या दाराशी आला, पातेल्यात डोकावला, बरणीकडे पाहिलं. ती वरच्या फळीवर गेली होती, स्टुलाशिवाय हात पोचणार नाही अशी.

"आजपासून घरात कुणालाच मीठ नाही," थोरली म्हणाली. "कुठूनतरी जातंय म्हणे तिच्या पोटात. आता जायला जागाच नको."

नवरा ओट्याशी आला. त्याने एक कांदा उचलला, उगाच सोलायला लागला. ज्या माणसाने लग्न झाल्यापासून कांद्याला हात लावला नव्हता, त्याने.

थोरलीने गॅस बारीक केला. "अहो. तुम्ही आईला मीठ दिलंत?"

"रोज नाही."

"म्हणजे?"

"सकाळी तू गेलीस की त्या हाक मारतात. एकच खडा मागतात. नखाएवढा असतो गं. म्हणतात, थोरलीला सांगू नका, ती रागावेल. आता म्हातारं माणूस हात पुढे करतं तर..."

"हात पुढे करतं तर विष द्याल?"

आवाज जिन्यापर्यंत गेला असावा, कारण चष्मेवाली दार ढकलून आत आली. तिच्याकडे या घराची किल्ली असायची. काय झालं म्हणून विचारलं, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि तिथल्या मोडक्या खुर्चीवर बसून घेतलं.

"मी पण देते," ती म्हणाली. "दुपारी. मी आपला चांगला मोठा बघून देते. एवढ्याशाने काय होतंय म्हटलं."

आता थोरलीचा तोल सुटला. मी इथे दोन-दोन पातेली घासते, लिंबं पिळून पिळून बोटं फाटली, डॉक्टरीणबाईंपुढे मान खाली घातली, आणि तुम्ही मागून अळीमिळी गुपचिळी करून तिच्या हातावर खडे ठेवताय? सोमवारी तिला भरती केलं तर रजा कोण काढणार, रात्री कोण बसणार? असं बरंच काही ती बोलली. दोघेही मान खाली घालून ऐकत राहिले. आपल्या अर्ध्या खड्याचं मात्र तिने तोंडातून काढलं नाही. आपणही याच माळेतला मणी आहोत, हे आत कुठेतरी टोचत होतं, म्हणून आवाज आणखीच चढत होता.

रागाच्या भरात ती आतल्या खोलीत गेली. राग आला की तिला चादरी बदलायची सवय होती. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, पाय खोक्यावर ठेवून. बाहेरचं सगळं तिने ऐकलं असणार. थोरलीने चादर खेचली, पांघरायची चौघडी बाजूला टाकली, उशी उचलली.

"उशी राहू दे गं," आई पटकन म्हणाली. "कालच तर पालटलीस."

थोरलीने अभ्रा ओढलाच. धुण्यात टाकायच्या आधी कापडाचे कोपरे चाचपून बघायचे, हे तिच्या हातांना आता सांगावं लागत नव्हतं. हॉटेलांच्या अभ्र्यांत कुणाचं कानातलं निघतं, कुणाची कवळी. भिंतीकडच्या कोपऱ्यात काहीतरी कडक लागलं. तिने आत हात घातला. जुन्या रुमालाची एक पुरचुंडी निघाली, ओलीकच्च. गाठ सोडली तर आत मिठाचे खडे होते. दमट हवेने पाझरून, एकमेकांना चिकटून त्यांचा ढेपेसारखा गोळा झालेला.

थोरलीने उशीचा कोपरा पाहिला. ओला होता. रुमालातून पाणी ठिबकत होतं आणि तेच अभ्र्यात मुरत होतं.

ती खाटेवर बसली. "हे काय आहे?"

"मीठ."

"खाल्लं नाहीस तू?"

"डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या ना."

"एकही नाही?"

"एकही नाही. मला काय एवढं कळत नाही? जन्म मिठात गेला माझा. त्याची चव आठवायला चोखावं कशाला लागतं?"

दाराशी नवरा आणि चष्मेवाली येऊन उभे राहिले होते. कुणी आत आलं नाही.

"मग मागायचीस कशाला? सगळ्यांकडे मागायचीस, आणि एकमेकांपासून लपवायला लावायचीस."

आई हातांच्या भेगांवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "ताट ठेवून तू वळायचीस. सगळेच वळतात. तुमचं काही चुकत नाही, कामं असतात. खडा मागितला की मात्र माणूस बसतं. आधी नको म्हणतं, मग आणून देतं, मग खाते की नाही बघायला जरा टेकतं. जावईबापू तर पहिल्यांदाच माझ्याशी इतके बोलले. त्यांना लहानपणी उंचीची भीती वाटायची, माहीत आहे तुला?"

थोरलीला माहीत नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो चौकटीचा रंग नखाने खरवडत होता.

"नुसतं बस म्हणाली असतीस तर?"

"म्हटलं होतं. आले तेव्हा पहिल्या आठवड्यात. तू म्हणालीस, येते, जरा हे आवरते."

थोरलीला ते आठवत नव्हतं, पण खोटं नसणार हे तिला कळलं. हे वाक्य ती दिवसातून कितीदा म्हणायची. तिला अपराधी वाटत होतं, आणि सुटल्यासारखंही वाटत होतं, दोन्ही एकदमच, आणि कशाला आधी जागा द्यावी ते कळत नव्हतं.

"मला वाटलं, तू रडतेस रात्री," ती म्हणाली. "उशी ओली असायची."

"मग विचारलं नाहीस?"

थोरलीने मान हलवली. नाही.

आईने हात पुढे केला, रुमाल घेतला आणि तो गोळा उजेडाकडे धरला. "आधी ओळखू यायचे गं. हा चष्मेवालीचा, मोठा. हा जावयांचा. तुझा नेहमी अर्धा असायचा, एक बाजू फुटलेली. आता सगळं एक झालं."

"पण मग पाय का सुजतात?" थोरलीने विचारलं. विचारताना तिचा आवाज लहान झाला. आता दोष द्यायला मीठही उरलं नव्हतं.

"थकलेत. तुझे नाही का सुजत?"

थोरलीने खाली पाहिलं. खोक्यावर आईचे पाय होते आणि फरशीवर तिचे. दोघींच्या घोट्यांचं हाड दिसत नव्हतं. आईने वाकायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा तिने नुसतंच बोट दाखवलं आणि म्हणाली, "वर घे ते."

थोरलीने पाय वर घेतले. चादर न घातलेल्या गादीवर, भिंतीला टेकून. सोमवारी बहुतेक भरती करावं लागणारच होतं, हे दोघींनाही समजलं होतं, आणि ते आज बोलायची गरज नव्हती. चष्मेवाली हळूच आपल्या घरी गेली. नवरा आत आला आणि खाली फरशीवर बसला, कांदा अजून त्याच्या हातातच होता.

"त्या मुकादमाचं पुढे काय झालं?" थोरलीने विचारलं.

"टोपीवाल्याचं? सांगते की." आईने रुमाल मांडीवर ठेवला, सांगायला तोंड उघडलं आणि थांबली. नाक वर करून तिने वास घेतला. कितीतरी दिवसांनी तिच्या कपाळावर जुनी आठी आली.

"थोरले, बटाटे लागले बघ खाली."

"लागू देत," थोरली म्हणाली. "तू सांग."